गेम वॉर्डनची तपासणी

अमेरिकेत तळ्यांवर, नद्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात हौसेने गळ टाकणाऱ्यांची राज्य सरकारचा वन्यजीव अधिकारी जागेवरच जी तपासणी करतो, तिच्याविषयीची ही नोंद आहे. परवाना, पकडलेले मासे आणि बोटीवरची सुरक्षेची साधने अशा तीन गोष्टी तो पाहतो. अधिकाऱ्याचे पदनाम राज्यागणिक बदलते. टेक्सास आणि मेनमध्ये तो 'गेम वॉर्डन', मिनेसोटा आणि मिशिगनमध्ये 'कॉन्झर्व्हेशन ऑफिसर', ओहायोत 'वाइल्डलाइफ ऑफिसर'. पेनसिल्व्हेनियात शिकारीचे खाते वेगळे आणि मासे-बोटींचे वेगळे, म्हणून तिथे पाण्यावर भेटतो तो 'वॉटरवेज कॉन्झर्व्हेशन ऑफिसर'. लोकांच्या तोंडी मात्र सगळेच वॉर्डन. बहुतेक राज्यांत त्याला पोलिसाचे अधिकार असतात. तो बहुधा एकटाच फिरतो, आणि समोरच्याकडे मासे कापायची सुरी हमखास, कधी बंदूकही असते. मदत मागितली तर ती पोहोचायला बराच वेळ लागतो. त्याच्या कामातला हा धोका मासे धरणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

या तपासणीच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: पाण्यातला मासा कोणाचा? इंग्लंडमध्ये तो राजाचा किंवा जमीनदाराचा असे. अमेरिकेने वेगळी वाट धरली. न्यू जर्सीतल्या रॅरिटन नदीच्या मुखाजवळ कालवांच्या खाजणावर एका जमीनमालकाने हक्क सांगितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १८४२ मध्ये 'मार्टिन विरुद्ध वॅडेल' खटल्यात तो फेटाळला. अशा पाण्याखालची जमीन आणि तिथली मासेमारी राज्याने सर्व लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायची असते, असा विचार त्यातून रुजला. सर्वांची म्हटलेली वस्तू कोणाचीच राहत नाही, हा धोका पुढच्या पन्नास वर्षांत दिसला. बाजारासाठी मासे आणि हरणे बेसुमार मारली गेली, तेव्हा राज्यांनी पगारी रखवालदार नेमायला सुरुवात केली. मेनमध्ये १८८० पासून वॉर्डन आहेत. मिशिगनने १८८७ मध्ये पगारी राज्य वॉर्डन नेमला. टेक्सासमध्ये १९१९ साली पहिले सहा वॉर्डन रुजू झाले. आजचा वॉर्डन बोटीला बोट लावतो तेव्हा तो याच विश्वस्ताचा हिशेबनीस असतो. तपासणीकडे असे पाहिले की तिचा राग निम्म्याने कमी होतो, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

भेट सुरू होते ती मासे धरणाऱ्याला कळण्याआधीच. वॉर्डन काठावरच्या झाडीतून किंवा टेकाडावरून दुर्बिणीने बराच वेळ पाहत बसतो. किती गळ पाण्यात आहेत, कोणता मासा सोडला, कोणता बोटीवरच्या मासे ठेवायच्या टाकीत गेला, कोणी लगबगीने काय लपवले, हे त्याने आधीच टिपलेले असते. मग तो जवळ येतो, एका हाताने बोटीची कड धरतो आणि सहज विचारतो, "काही लागलं का?" हा प्रश्न गप्पांचा वाटतो, पण उत्तराला वजन असते. टाकीत काय आहे ते त्याला ठाऊक असताना "काहीच नाही" म्हणणाऱ्याने स्वतःचे अर्धे काम बिघडवलेले असते.

परवाना बहुतेक राज्यांत १६ व्या वर्षापासून लागतो, टेक्सासमध्ये १७ व्या. बऱ्याच राज्यांत आता तो फोनवर दाखवला तरी चालतो. इथे एक गैरसमज फार जणांना महागात पडतो. "मी नुसता दांडी धरून बसलो होतो, मासे माझा मेहुणा धरत होता," ही सबब अनेक राज्यांत टिकत नाही, कारण गळ हातात घेणे हीच मासेमारी धरली जाते. परवान्याचे पैसे कुठे जातात हेही सांगायला हवे. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, दांडी, फिरकी अशा सामानावरच्या अबकारी कराचा पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी मिळतो. मात्र राज्याने परवाना शुल्क दुसरीकडे वळवायचे नाही, अशी अट आहे. परवाना चुकवणारा सरकारला फसवतो असे आपण म्हणतो. खरे तर तो शेजारच्या बोटीवरच्या माणसाला फसवत असतो.

मग मासे. टेक्सासच्या खाडीतला रेड ड्रम घेऊ. वॉर्डन मासा मोजपट्टीवर आडवा ठेवतो, जबडा मिटून नाक पट्टीच्या टोकाला टेकवतो आणि शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जवळ आणून आकडा वाचतो. २० इंचांपेक्षा लहान असेल तर गुन्हा, आणि २८ पेक्षा मोठा असेल तरीही, कारण त्याहून मोठ्यासाठी परवान्यासोबतचा खास टॅग लागतो. एका माणसाला दिवसाला तीनच. लहान सोडायचा हे कोणालाही पटते. मोठा का सोडायचा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. मोठी मादी भरमसाट अंडी घालते, तेव्हा तिला ताटात घेणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळणे. १९८० च्या दशकात मसाला लावून काळपट भाजलेल्या रेडफिशची, म्हणजे याच रेड ड्रमची, हॉटेलांत लाट आली होती. टेक्सासने त्याआधीच, १९८१ मध्ये, आपल्या पाण्यातल्या रेड ड्रमच्या व्यापारी विक्रीवर बंदी घातली होती.

सुरक्षा-साधनांची तपासणी लोकांना सर्वांत कटकटीची वाटते, आणि जीव वाचतात ते तिच्यामुळेच. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२२ च्या अहवालात हौशी नौकानयनातल्या ६३६ मृत्यूंची नोंद आहे. मृत्यूचे कारण कळले त्या घटनांत चारपैकी तीन जण बुडून गेले होते, आणि बुडालेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. म्हणून वॉर्डन पहिल्यांदा माणसे मोजतो आणि मग जॅकेटे. माणशी एक, अंगाला बसणारे, चालू स्थितीतले आणि चटकन हाताला येणारे हवे. दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद असलेले, किंवा नांगर-दोरखंडाखाली पेटीत कोंबलेले जॅकेट हाताला येणारे ठरत नाही. वॉर्डन म्हणतो, "काढून दाखवा." तेव्हा गाठ सोडवण्यात, झाकण उचकटण्यात जो वेळ जातो, तो पाहूनच बोटीवरच्या माणसांचा चेहरा उतरतो. बोट उलटली असती तर एवढा वेळ मिळाला नसता, हे कोणी बोलून दाखवायची गरज उरत नाही. फुगणाऱ्या जॅकेटाच्या गॅसच्या नळकांड्याकडेही त्याची नजर जाते. एकदा वापरून रिकामे झालेले नळकांडे तसेच लावून ठेवणारे कमी नसतात.

१६ फूट किंवा त्याहून लांब बोटीवर फेकायचे तरंगते साधनही हवे, आणि ते लगेच उचलता येईल असे ठेवलेले हवे. चालत्या बोटीवर १३ वर्षांखालील मुलांनी जॅकेट अंगात घातलेलेच पाहिजे, असा केंद्राचा नियम आहे. राज्यांच्या वयोमर्यादा निराळ्या. अंधार पडला की दिवे, शिट्टी किंवा भोंगा, इंजिन बंदिस्त असेल तर अग्निशामक. वापरून टाकायच्या अग्निशामकावर बनवल्याचे साल असते, आणि २०२२ पासून १२ वर्षांहून जुना असल्यास तो बाद धरतात. २६ फुटांखालच्या मोटरबोटींसाठी एप्रिल २०२१ पासून आणखी एक गोष्ट आली: चालकाच्या अंगाला अडकवलेली आणि तो पाण्यात पडताच इंजिन बंद पाडणारी दोरी. चालक पडल्यावर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, असे अपघात त्यामागे आहेत. काही राज्यांत वॉर्डन जॅकेट घातलेल्या मुलांना टी-शर्ट किंवा आइस्क्रीमचे कूपन देतात. दंडाच्या पावतीपेक्षा हा उपाय घरापर्यंत जास्त पोहोचत असावा.

कसलाही संशय नसताना माणसाला थांबवायचा हा अधिकार मोठा आहे, आणि तो कुठे संपतो याचा वाद न्यायालयांत वारंवार गेला. ऑगस्ट २००७ मध्ये सॅन डिएगोच्या ओशन बीच धक्क्यावर एका माणसाने पाण्यातून काहीतरी काढून काळ्या पिशवीत टाकलेले वॉर्डनने दुरून दुर्बिणीतून पाहिले. तो माणूस गाडीत बसून निघाल्यावर वॉर्डनने थोड्या अंतरावर गाडी अडवली. पिशवीत हंगाम बंद असताना धरलेला लॉब्स्टर निघाला. पाहिली होती ती फक्त मासेमारी, गुन्हा नव्हे. मग गाडी कशी अडवली? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये वॉर्डनची बाजू उचलून धरली. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र रेघ दोन्हीकडून आखली. २००२ मध्ये त्याने ठरवले की गोठलेल्या तळ्यावर उभारलेल्या मासेमारीच्या खोपटात वॉर्डनने वॉरंट, परवानगी किंवा सबळ कारणाशिवाय शिरायचे नाही, कारण माणूस तिथे राहतो, झोपतो, चूल पेटवतो. पुढच्याच वर्षी, बोटीत मासे असल्याचे कबूल करूनही ते दाखवायला नकार देणाऱ्या माणसाची शिक्षा त्याच न्यायालयाने कायम केली. उघड्या बोटीला घराचे कवच नाही. या दोन निकालांत सर्वांच्या माशाचा आणि एकट्याच्या घराचा मान एकाच वेळी राखलेला दिसतो.

चूक छोटी असेल तर तोंडी समज किंवा पावती मिळते. मोठ्या गुन्ह्यात सामान, कधी बोटही जप्त होते आणि परवाना जातो. १९८९ मध्ये कोलोरॅडो, नेव्हाडा आणि ओरेगॉन यांनी सुरू केलेल्या आंतरराज्य करारात आता जवळजवळ सगळी राज्ये आहेत, त्यामुळे एका राज्यात रद्द झालेला परवाना शेजारच्या राज्यातही आड येतो.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी पाहुण्यांनाही हे लागू आहे. तिथले रहिवासी नसलेल्यांना वेगळा, बहुधा महाग परवाना काढावा लागतो. कॅलिफोर्नियात समुद्रावरच्या सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. आकार, संख्या आणि हंगामाचे नियम मात्र तिथेही सुटत नाहीत, आणि वरची काळी पिशवी अशाच धक्क्यावरची होती.

महाराष्ट्रात पाण्यावरची तपासणी १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने होते. गस्ती नौका परवाना, जाळे आणि १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी पाहतात. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. त्याच वर्षी राज्यमासा झालेल्या पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे. टेक्सासची मोजपट्टी एखाद्याच्या सुट्टीच्या दिवसावर टेकते. ससून डॉकवर तीच पट्टी खलाशांच्या पगारावर आणि डिझेलच्या उधारीवर टेकते.