‘लेस’ की ‘फ्युअर’? नियम वाटतो तेवढा जुना नाही

इंग्रजीच्या तासाला घोटून घेतलेला धडा: मोजता येतं तिथे ‘फ्युअर’, येत नाही तिथे ‘लेस’. म्हणजे ‘फ्युअर बुक्स’, पण ‘लेस वॉटर’. इथवर ठीक. पण मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’ लावणं ही आजकालच्या मंडळींनी केलेली भाषेची नासाडी आहे, हे मात्र खरं नाही.

नवव्या शतकात इंग्लंडचा राजा आल्फ्रेड ‘कमी शब्द’ या अर्थी ‘लेस’च वापरत होता. पुढे कित्येक शतकं तसंच चाललं. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने लिहिलं की संख्येसाठी ‘फ्युअर’ आपल्याला अधिक बरं वाटतं. बिचाऱ्याने स्वतःची आवड सांगितली. नंतरच्या व्याकरणकारांनी तिचं ब्रह्मवाक्य केलं!

आणि नियम पाळणारेही तो सरसकट पाळत नाहीत. रुपये, किलोमीटर, वर्षं, सगळं मोजता येतं. तरी ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’ हेच बरोबर, कारण तिथे नोटा नाही, एकूण रक्कम डोळ्यांसमोर असते. ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांनी 2008 मध्ये ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाटीवरचा वाद ‘अप टू टेन आयटम्स’ लिहून मिटवला.

आपलं ‘कमी’ पाण्यालाही चालतं, पुस्तकांनाही. इंग्रजीतलं ‘मोअर’ही तसंच. परीक्षेत, अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये मात्र ‘फ्युअर बुक्स’च लिहा. तपासणाऱ्याला आल्फ्रेड राजा ठाऊक असेलच असं नाही.