एनएसएक्स (दुसरी पिढी)

होंडा कंपनीची पेट्रोल व वीज या दोन्हींवर चालणारी, मधोमध इंजिन असलेली दोन आसनी स्पोर्ट्सकार. उत्तर अमेरिकेत ती अ‍ॅक्युरा या नाममुद्रेखाली विकली गेली. २०१६ साली ती बाजारात आली तेव्हा तिच्या तंत्रज्ञानाची वाखाणणी झाली, पण ग्राहक मात्र फिरकेनात. गाडी वाईट नव्हती. तिला तिचे नाव जड गेले.

ते नाव १९९० च्या मूळ एनएसएक्सने कमावलेले. संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, ३ लिटरचे व्ही-६ इंजिन आणि जेमतेम १,३७० किलोच्या आसपास वजन. जपानमधील सुझुका शर्यतपथावर ती चालवून फॉर्म्युला वन शर्यतपटू आयर्टन सेनाने केलेल्या सूचनांचा तिच्या सांगाड्याच्या मजबुतीत वाटा होता. फेरारीशी टक्कर घेणारी, तरी रोज कुरकुर न करता चालणारी ही गाडी अमेरिकेत सुमारे ६०,००० डॉलरना मिळे. तिचे उत्पादन २००५ मध्ये थांबले आणि त्यानंतरच्या वर्षांत तिचा लौकिक वाढतच गेला.

पुनरागमनाची वाट वाकडीतिकडी होती. पुढच्या भागात व्ही-१० इंजिन असलेली एक वारसदार गाडी तयार होत होती. २००८ च्या मंदीत ती गुंडाळली गेली. मग जानेवारी २०१२ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात संकरित (पेट्रोल व विजेवरच्या) एनएसएक्सचा नमुना झळकला. त्यात आडवे बसवलेले, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेले व्ही-६ इंजिन होते. पुढे ते बदलून गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले, दोन टर्बोंचे ३.५ लिटर इंजिन घ्यायचे ठरले आणि त्यापायी बरीचशी मांडणी नव्याने करावी लागली. ग्राहकाच्या हाती किल्ली पडेपर्यंत चार वर्षे उलटली. दरम्यान पोर्शे ९१८, मॅक्लारेन पी१ आणि लाफेरारी या संकरित गाड्या येऊन गेल्या होत्या. वेगवान गाडीत वीज ही २०१२ ची नवलाई २०१६ मध्ये उरली नव्हती.

यंत्रणा खरोखर हुशार होती. एक विद्युत मोटर इंजिन आणि नऊ गतींच्या ड्युअल-क्लच (दोन क्लचच्या) गिअरबॉक्सच्या मध्ये. उरलेल्या दोन पुढच्या चाकांना, प्रत्येकी एक. वळण घेताना बाहेरच्या चाकाची मोटर त्याला पुढे रेटते, तर आतल्या चाकाची मोटर त्याला मागे धरते, आणि गाडीचे नाक आपोआप आत वळते. एकूण शक्ती ५७३ अश्वशक्ती. पण हे सगळे घडते ते संगणकाच्या हिशेबाने. ही गाडी चालकाशी बोलत नाही, अशी तक्रार अनेक समीक्षकांनी केली, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. मोटरी, बॅटरी व त्यांचा लवाजमा धरून वजन १,७०० किलोंच्या पुढे गेले होते. हलकेपणा ही ज्या नावाची ओळख, त्या नावाला हे शोभणारे नव्हते.

त्यात किंमत. अमेरिकेत ती १,५६,००० डॉलरपासून सुरू होई. जपानमध्ये २ कोटी ३७ लाख येन. पैसा मोजणारा आतल्या सजावटीकडेही बारकाईने बघतो, आणि तिथे त्याला कंपनीच्या स्वस्त मोटारींच्या वळणाचाच स्पर्शपडदा (टचस्क्रीन) दिसे. आवाज कमी-जास्त करायला साधे फिरते बटणही नव्हते, पडद्यावर बोट घासावे लागे. बाब किरकोळ खरी, पण त्याच पैशांच्या आसपास पोर्शे ९११ टर्बो किंवा ऑडी आर८ दारात उभी राहू शकत होती, तेव्हा किरकोळ बाबीही खुपत.

सर्वांचेच मत प्रतिकूल होते असे नाही. ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकी मासिकाने तिला २०१७ ची सर्वोत्कृष्ट कामगिरीची मोटार ठरवले. विक्रीला मात्र त्याचा फारसा हातभार लागला नाही: त्या वर्षी अमेरिकेत सहाशेहून कमी गाड्या खपल्या, पुढच्या वर्षी दोनशेहूनही कमी. ओहायोतील मेरीसव्हिल येथे खास तिच्यासाठी उभारलेल्या कारखान्याला हे आकडे परवडणारे नव्हते.

२०१९ च्या आवृत्तीत सस्पेन्शन (चाकांना गाडीशी जोडणारी, धक्के शोषणारी यंत्रणा) अधिक कडक झाले, टायर बदलले, आणि नाकावरची बरीच टीका झालेली चंदेरी पट्टी गाडीच्या रंगात रंगवली गेली. अखेरची ‘टाइप एस’ आवृत्ती २०२१ मध्ये जाहीर झाली. तिच्या जगभरात मिळून ३५० गाड्या निघाल्या, त्यांपैकी ३०० अमेरिकेसाठी. त्यानंतर २०२२ मध्ये उत्पादन बंद झाले.