सेकंदाचा वर्ग आणि वायरिंगची पट्टी

"बाई, वेळेचा वर्ग कसा काय करतात?" नववीला ‘गतीचे नियम’ शिकवताना हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. त्वरणाचं एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. चौरस मीटर मुलांच्या डोळ्यांसमोर येतो, फरशी मोजली की झालं. पण चौरस सेकंद? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर फळ्यावर लिहिण्यापेक्षा मुलांच्या हातून निघालेलं मला आवडतं.

सामान थोडंच लागतं. भिंतीवरच्या वायरी झाकायला इलेक्ट्रिशियन लावतात ती प्लॅस्टिकची दोन मीटरची पट्टी, काचेची गोटी आणि दोन जाड पुस्तकं. पट्टीला मध्ये झोल पडू नये म्हणून खाली लाकडी फळी घ्यायची. एक टोक साधारण साडेचार सेंटीमीटर उचललं की पुरे. एवढ्याशा उतारावर गोटी घरंगळते का, अशी शंका मुलांना येते. सोडून बघा म्हणायचं.

एकाने मोबाइलवरच्या ठोक्याला दर सेकंदाला टाळी वाजवायची. चौघांनी स्केचपेन घेऊन पट्टीशी बसायचं, एकेका टाळीला एकेकाने खूण करायची. पहिल्या खेपेला सगळ्यांच्या खुणा उशिरा पडतात, कारण टाळी ऐकून मग हात हलतो. चार-पाचदा केल्यावर ताल अंगात भिनतो, आणि टाळी व खूण एकत्र पडू लागतात. यंदा आमच्या खुणा वरच्या टोकापासून 8, 31, 73 आणि 127 सेंटीमीटरवर पडल्या.

आता वजाबाकी. पहिल्या सेकंदात गोटी 8 सेंटीमीटर गेली, दुसऱ्यात 23, तिसऱ्यात 42, चौथ्यात 54. ही त्या-त्या सेकंदातली सरासरी चाल. पुन्हा वजाबाकी करा: 15, 19, 12. म्हणजे दर सेकंदाला चाल सुमारे 15 सेंटीमीटर प्रति सेकंदाने वाढते आहे. हेच त्वरण! एक सेकंद चालीचा, दुसरा सेकंद ती चाल वाढायला लागलेला. सेकंद दोनदा आला म्हणून लिहिताना वर्ग झाला, वेळेचा चौरस कुणी केलेलाच नाही.

गॅलिलिओनेही उतारच निवडला होता. वरून सोडलेली वस्तू तीन मीटर उंचीच्या छतापासून पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येते. त्याच्या काळातल्या घड्याळांनी ते मोजणार कसं? म्हणून त्याने लाकडी तुळईत खाच कोरली, आतून गुळगुळीत कातडं लावलं आणि काशाचा गोळा सोडला. वेळ मोजायला बारीक नळीतून पाणी पेल्यात सोडलं आणि साठलेलं पाणी तोललं. हे सगळं त्याच्या 1638 सालच्या ग्रंथात आहे. समान कालखंडांतली अंतरं 1, 3, 5, 7 या प्रमाणात वाढतात, हे त्याने दाखवून दिलं. आमच्या 8, 23, 42, 54 ला आठाने भागून पाहा. मुलं लगेच म्हणतात, "मग 24, 40, 56 असंच लिहू ना!" तसं मी अजिबात लिहू देत नाही. मोजलं तेच वहीत गेलं पाहिजे.

तरी एक घोळ उरतोच: जोरात जातंय म्हणजे त्वरण जास्त. त्यावर पाण्याची बाटली कामाला येते. पारदर्शक बाटली गच्च भरायची, बोराएवढा हवेचा बुडबुडा ठेवून झाकण लावायचं आणि ती आडवी धरून एसटीत बसायचं. गाडी निघाली की बुडबुडा पुढे सरकतो. माणसं मागे रेलतात आणि हा पुढे जातो, याचं मुलांना भारी नवल. पाणी जड, ते मागे रेटलं जातं आणि हलक्या हवेला पुढे ढकलतं. ब्रेक लागला की उलट. आणि सपाट, सरळ रस्त्यावर काटा साठावर स्थिर असला की बुडबुडा मधोमध शांत. चाल साठ, त्वरण शून्य.

गेल्या वर्षी एका मुलीने आंबोली घाटात बाटली रुंदीच्या दिशेने आडवी धरली होती. वळणावर काटा हलला नव्हता, पण बुडबुडा मात्र दर वेळी वळणाच्या आतल्या बाजूला जात होता. चाल तीच असताना त्वरण आलं कुठून, हा तिचा प्रश्न मी तसाच फळ्यावर लिहिला आणि त्याखाली दोन शब्द शेजारी-शेजारी मांडले: चाल, वेग.