‘राखीव’ म्हणजे नेमके काय? नाशिकच्या पाणवठ्यांची आणि डोंगरांची पार्श्वभूमी

रविवारी पहाटे नाशिकहून गाडी काढली की चार वाटा फुटतात. निफाडकडे नांदूरमध्यमेश्वर, त्र्यंबककडे अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि हरिहर, दिंडोरीकडे रामशेज आणि बोरगड, घोटीकडे भंडारदरा आणि कळसूबाई. गंगापूर धरण तर शहराच्या उंबरठ्यावरच आहे. आज या सगळ्यांना सरसकट ‘निसर्ग पर्यटन’ म्हटले जाते. मूळ कारणे मात्र वेगळी होती. धरणे पाटाच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधली गेली, जंगले लाकडासाठी राखली गेली, गड घाटवाटांवर नजर ठेवायला उभे राहिले. फिरायला येणारा माणूस सर्वांत शेवटी आला. म्हणूनच त्याने कुठे थांबायचे, कुठवर जायचे आणि तक्रार कोणाकडे करायची, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी बदलते.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. १८७८ च्या वन कायद्याने ‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’ अशा श्रेणी आणल्या, १९२७ च्या कायद्याने त्या कायम ठेवल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारणा नदीवर धरण आणि गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा झाला. दारणेचे पाणी नदीतून बंधाऱ्यापर्यंत आणायचे आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढच्या कोरडवाहू भागाला द्यायचे, अशी ती योजना होती. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले.

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी आणले ते गाळाने. गोदावरी आणि कादवा दोन्ही नद्या माती घेऊन येतात, बंधाऱ्यामागे प्रवाह मंदावतो आणि माती खाली बसते. वर्षानुवर्षे साचलेल्या या गाळातून उथळ पाण्याची पसरट जागा, लहान-मोठी बेटे आणि पाणवनस्पतींचे पट्टे तयार झाले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा साठवण क्षमतेचा तोटा. पाण्यात पाय रोवून चरणाऱ्या पक्ष्यांसाठी मात्र हेच ताट वाढलेले. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक आणि रोहित, त्याहून उथळ काठावर शेकाट्या आणि तुतवार, मोकळ्या पाण्यावर थापट्या, तलवार बदक आणि वारकरी, लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी, आणि सगळ्यांवर घिरट्या घालणारा भोवत्या. खोली हातभर बदलली तरी पक्ष्यांची जात बदलते.

१९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी शेजारच्या अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही झाले. नांदूरमध्यमेश्वरचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर धरले गेले. प्रत्यक्ष पाणी आणि दलदल त्याच्या लहानशा भागात आहे. उरलेल्या भागात काठच्या गावांची ऊस-कांद्याची शेती, विहिरी, वस्त्या आणि रस्ते. जमीन शेतकऱ्याची, पाणी पाटबंधाऱ्याचे आणि पक्षी वन खात्याचे. हा गुंता तेव्हापासूनचा. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर होणारी गाळपेरही याच गुंत्यात अडकते, कारण ती जमीन पिकाला हवी असते त्याच महिन्यांत ती पक्ष्यांनाही हवी असते.

आता ज्या शब्दावर सर्वांत जास्त घोळ होतो त्याकडे. ‘राखीव’ हा एकच शब्द आपण निदान तीन अर्थांनी वापरतो.

पहिला अर्थ ‘राखीव वन’. हा वन कायद्यातला. इथे झाडतोड, चराई, आग लावणे आणि विनापरवाना घुसणे हे गुन्हे आहेत; जे स्पष्टपणे दिलेले नाही ते मना आहे, असे समजायचे. ‘संरक्षित वनात’ साधारण उलटा कल असतो: जे स्पष्टपणे बंद केलेले नाही ते चालते. मराठी कानाला ‘संरक्षित’ हा शब्द ‘राखीव’पेक्षा कडक वाटतो, प्रत्यक्षात तो सैल आहे. शासकीय भाषांतराची ही अडचण गेली कित्येक दशके कुणी दूर केलेली नाही.

दुसरा अर्थ बोलण्यातला. अभयारण्यालाही लोक ‘राखीव जंगल’ म्हणतात. अभयारण्य येते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून. त्याच्या कलम २७ नुसार कर्तव्यावरचे शासकीय कर्मचारी, तिथे स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले, सार्वजनिक रस्त्याने जाणारे आणि परवानगी मिळालेले, एवढ्यांनाच आत जाता येते. नांदूरमध्यमेश्वरच्या फाटकावर घेतलेले तिकीट ही अशी परवानगी आहे. तिला बागेच्या प्रवेश फीसारखे समजू नये. काठच्या शेतकऱ्याला त्याच्या बांधावर जायला तिकीट लागत नाही आणि पाहुण्याला लागते, यात भेदभाव नाही, कायद्याची रचनाच तशी आहे.

तिसरा अर्थ ‘संवर्धन राखीव’, आणि खरा घोळ इथे आहे. ही श्रेणी २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात कलम ३६अ म्हणून आली. ती फक्त शासनाच्या मालकीच्या जमिनीवर करता येते आणि जाहीर करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो. अभयारण्याची काही कलमे तिला लागू होतात, काही होत नाहीत. आग लावण्यावरची बंदी लागू. घातक रसायने आणि स्फोटके वापरण्यावरची बंदी लागू. प्राण्यांना त्रास देणे किंवा कचरा टाकणे यावरची बंदीही लागू. मात्र कलम २७ मधले प्रवेशबंदीचे पहिले पोटकलम लागू होणाऱ्यांच्या यादीत नाही. म्हणजे या कलमाने येणाऱ्याला मज्जाव केलेला नाही, त्याच्या वागण्यावर बंधन घातले आहे. फक्त तीच जमीन वन कायद्याखाली ‘राखीव वन’ही असेल, तर त्या कायद्याचे नियम वेगळे लागू राहतातच.

संवर्धन राखीवाचे व्यवस्थापन पाहायला कलम ३६ब खाली समिती असते. त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे तिघे, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचा एकेक, आणि सदस्य-सचिव वन खात्याचा. गावाला बाजूला न सारता जंगल राखण्याची ही पद्धत नाशिकच्या डोंगरांना अभयारण्यापेक्षा जास्त मानवते, असे इथला अनुभव सांगतो. चराई, देवदर्शन आणि पाणवठा हे तिन्ही हक्क जिथे रोजचे आहेत, तिथे नुसते कुंपण टिकत नाही.

राज्यातले पहिले संवर्धन राखीव नाशिकलाच झाले: बोरगड, २००८. रामशेजच्या शेजारचा हा डोंगर, क्षेत्र साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत. उघडाबोडका डोंगर स्थानिक झाडांनी पुन्हा झाकण्याचे काम इथे गावकरी आणि स्वयंसेवी संस्थांनी वन खात्याबरोबर केले. माथ्यावर हवाई दलाचे ठाणे आहे, त्यामुळे वर जाण्याचा आणि तिकडे कॅमेरा रोखण्याचा प्रश्नच येत नाही. येवला तालुक्यातले ममदापूर नंतरचे, त्याहून कितीतरी मोठे, काळविटांच्या माळरानासाठी. तिथे गाडी रस्ता सोडून माळावर घालणे ही सर्वांत मोठी चूक. चाकोरीत गवत दबते, पुढच्या पावसात तिथून ओघळ सुरू होतो, आणि बिथरलेला कळप धावत सुटला तर कठडा नसलेल्या विहिरीत जनावर पडण्याचा धोका असतो.

अंजनेरीचे संवर्धन राखीव २०१७ मधले, ५.६९ चौरस किलोमीटर. त्यामागे दोन कारणे ठळक होती. एक, कड्याच्या कपारीत घरटी करणारी लांब चोचीची गिधाडे. दुसरे, २००६ मध्ये याच डोंगरावरून शास्त्राला नव्याने कळलेले कंदीलपुष्प, ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. हे रोप कंदावर जगते. पाऊस सुरू झाला की वर येते, फुलते, बी टाकते आणि पावसाळा सरला की जमिनीखाली जाते. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, काळ्या खडकावर वीतभरही माती नसते, आणि त्या मातीतच सगळे कंद.

म्हणून अंजनेरीला पायवाटेचा नियम इतर कुठल्याही डोंगरापेक्षा महत्त्वाचा आहे. पायथ्याच्या गावातून वर आल्यावर घळीतल्या पायऱ्या लागतात, त्या संपल्या की पठार. ऑगस्ट-सप्टेंबरात पठारावरच्या मळलेल्या वाटेत पाणी साचते. बूट भिजू नयेत म्हणून लोक वाटेच्या कडेने चालतात. आठवड्याभरात ती कडही चिखल होते, मग त्याच्याही बाहेरून. एका हंगामात दोन फुटांची वाट सहज तिप्पट रुंद होते आणि दाबलेल्या मातीत कंदाला पुढच्या वर्षी कोंब फुटत नाही. उपाय साधा आहे: पकड चांगली असलेले बूट घालायचे आणि पाण्यातूनच चालायचे. पायऱ्यांवर माकडे पिशवी ओढतात; खाऊ हातात न धरता सॅकच्या आत ठेवला की निम्मा त्रास कमी होतो.

याच डोंगरावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, पुढे ब्रह्मगिरी आणि अंजनेरी जोडणाऱ्या रोपवेचाही. दर्शनाला येणाऱ्या वृद्धांची सोय हे त्यामागचे कारण खोटे नाही. अंजनीमातेच्या आणि हनुमानाच्या श्रद्धेने इथे येणारे लोक वनस्पती पाहायला येणाऱ्यांपेक्षा किती तरी जास्त आहेत. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मात्र सोयीच्या पलीकडचा होता. घाटरस्त्यासाठी उतार कापला की वरच्या सड्यावरून झिरपणारे पाणी वाट बदलते, दरडी सैल होतात आणि घरट्यांच्या कड्याखाली वर्षभर आवाज राहतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते; हिवाळ्यातल्या त्या काळात घरटे एकदा सोडले गेले की त्या जोडीचे वर्ष वाया जाते. शिवाय या श्रेणीचा अर्थच लोकांशी बोलून निर्णय घेणे हा आहे. ती जाहीर करताना झालेला विचारविनिमय रस्त्याच्या वेळी विसरून चालत नाही.

हरिहरला गर्दी मात्र सर्वांत जास्त. वन खात्याच्या हद्दीतल्या अशा ठिकाणी गावातल्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या ‘उपद्रव शुल्क’ घेतात. नाव ऐकून लोक चिडतात. हे शुल्क येणाऱ्यांमुळे वाढणारा कचरा आणि देखरेख यांच्या खर्चासाठी असते. हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंना बोटे अडकवायच्या खोबण्या आहेत. उतरताना तोंड कातळाकडे ठेवून, शिडी उतरतात तसे उतरायचे. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच रुंदी आहे, त्यामुळे चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की मधले सगळे लटकून राहतात. पावसात खोबणीत शेवाळ धरते. पाऊस चालू असताना तिथे न जाणेच बरे.

नांदूरमध्यमेश्वरला २०२० च्या जानेवारीत राज्यातले पहिले रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ) म्हणून मान्यता मिळाल्याची बातमी आली. तिथेही आकड्यांचा गोंधळ झाला, कारण रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे, म्हणजे अभयारण्याच्या साधारण सातव्या हिश्शाएवढे. उरलेल्या शेतीला रामसरचा नवा बडगा बसणार, ही भीती त्यामुळे अनाठायी होती. १९७१ चा रामसर करार हा जागतिक महत्त्वाच्या पाणथळींची नोंद ठेवतो; दंड आणि खटला तो करत नाही, ते काम इथे वन्यजीव कायद्याचेच. उलट गंगापूर, दारणा किंवा मुकणे या धरणांना पाणथळ म्हणून छत्र मिळत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. तिथे हिवाळ्यात बदके उतरतात, पण कागदावर तो फक्त साठा.

या साठ्यांचा धोकाही वेगळा आहे. पाणी उतरल्यावर काठाचा गाळ वरून वाळून तडकतो, आत मात्र ओलाच असतो. पापुद्रा माणसाच्या वजनाने फुटतो आणि पाय मांडीपर्यंत जातो. बुडालेल्या जुन्या नदीपात्राची कड पाण्याखाली दिसत नाही. कमरेएवढ्या पाण्यातून एका पावलात डोक्यावरून पाणी जाते. मातीच्या धरणाच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर बसवलेल्या दगडांवर, शेवाळ असते, तिथून घसरलेल्याला धरायला काही नसते. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्याला जाताना ओढा ओलांडावा लागतो. वरच्या पठारावर पाऊस झाला की धबधब्याशी ऊन असतानाही ओढा फुगतो, आणि पलीकडे गेलेले अडकतात. तिथे तसे घडलेले आहे.

नांदूरमध्यमेश्वरला जायचे तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, सूर्योदयाला चापडगावच्या बाजूने. ८×४२ ची दुर्बीण हातात स्थिर राहते. १०× ची ताकद जास्त पण थंडीत हात हलतो. मळकट हिरवे किंवा मातकट कपडे घालावेत, निरीक्षण मनोऱ्यावर आवाज नको. निघण्याआधी पाहायची गोष्ट मात्र वेगळीच आहे: कालव्यांचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस पाणी सोडणे, चालू आहे का. वरून पाणी सोडून बंधाऱ्याची पातळी चढवली की गाळाचे काठ बुडतात आणि तुतवार, चिखले, शेकाटे उठून जातात. आवर्तन संपून पातळी उतरू लागली की दोन-तीन दिवसांत ओला काठ उघडा पडतो, किडे आणि शिंपले वर येतात, आणि तेच पक्षी पुन्हा काठावर उतरतात.