प्लॅस्टिकमधून वीज कधी वाहू लागते?

वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये कार्बन ब्लॅकची, म्हणजे काजळीसारख्या कार्बनची, बारीक भुकटी थोडी थोडी मिसळत गेलं, तर बराच काळ काहीच घडत नाही. प्लॅस्टिक काळंभोर होतं, पण वीज अडवण्याचा स्वभाव सोडत नाही. मग एका ठरावीक प्रमाणाशी आल्यावर किंचित भर पडते आणि त्याचा विद्युतरोध एकदम लाखो पटींनी कोसळतो. त्यापुढे कितीही कार्बन घाला, फरक तुलनेने थोडाच.

या प्रमाणाला परकोलेशनचा उंबरठा म्हणतात. वीज वाहते ती कार्बनमधून. कण सुटे असतील तोवर ओढ्यात विखुरलेल्या दगडांसारखी गत असते: दगड पुष्कळ, पण पलीकडे नेणारी वाट नाही. उंबरठ्यावर पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळी जुळते. कण एकमेकांना टेकलेच पाहिजेत असंही नाही. मध्ये एक-दोन नॅनोमीटरचा प्लॅस्टिकचा पडदा असला, तरी क्वांटम टनेलिंगमुळे, म्हणजे पातळ अडथळा आरपार ओलांडण्याच्या सूक्ष्म कणांच्या गुणामुळे, इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतो. अशा वाटा केव्हा जुळतात याचं गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या संशोधकांनी 1957 साली मांडलं; त्यांच्यापुढचा प्रश्न होता सच्छिद्र पदार्थातून द्रव कसा झिरपतो हा.

उंबरठा कुठे येईल हे कणांच्या आकारावर ठरतं. गोल कण यदृच्छया पसरले, तर आकारमानाच्या साधारण 16 टक्के जागा त्यांनी व्यापावी लागते. इतका कार्बन भरला की प्लॅस्टिक ठिसूळ होतं, वितळल्यावर घट्ट राहतं आणि साच्यात नीट उतरत नाही. कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांची, लांबी मात्र जाडीच्या शेकडो पट असते. अशा लांबट नळ्या एकमेकींना सहज गाठतात, म्हणून काही मिश्रणांत एक टक्क्याहून कमी नॅनोट्यूबही पुरतात आणि प्लॅस्टिकची लवचीकता बरीचशी टिकते.

खरी कसोटी मिसळण्यात आहे. नॅनोट्यूब आपसांतल्या आकर्षणामुळे गुंत्याच्या गुठळ्या करून बसतात. गुठळ्या फोडायला ध्वनिलहरींचा मारा करावा, तर नळ्याच तुटून आखूड होतात. पृष्ठभागावर रासायनिक गट जोडले, तर त्या छान सुट्या होतात, पण त्यांची स्वतःची वाहकता घटते. आणि मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती गोष्ट म्हणजे अगदी निर्दोष मिश्रणही चालत नाही. प्रत्येक नळीभोवती प्लॅस्टिकचं जाड आवरण बसलं, की इलेक्ट्रॉनला उडी मारता येत नाही. म्हणून आधी गुठळ्या फोडायच्या आणि मग नळ्यांना पुन्हा सैलसं जाळं विणू द्यायचं. साच्यात दाबाने भरताना नळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात आणि वाहकता घसरते. तोच तुकडा पुन्हा मऊ होईपर्यंत तापवून थोडा वेळ ठेवला, तर जाळं जुळून ती पुष्कळशी परत येते.

कोरडी भुकटी हाताळताना मात्र हयगय नको. लांब, ताठ नॅनोट्यूब श्वासाबरोबर आत जाणं घातक ठरू शकतं. त्यांच्या एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातलं.

असं प्लॅस्टिक तांब्याच्या तारेची जागा घेणार नाही. तितकी वाहकता त्याच्यात नाही. इंधनाच्या नळीत घर्षणाने साठणारा विद्युतभार ठिणगी पडण्याआधी वाहून नेणं, किंवा चिप ठेवायच्या ट्रेमध्ये तो साठूच न देणं, यासाठी माफक वाहकताही भरपूर झाली.

पॉलिइथिलीन हे नेहमीच्या वापरातलं प्लॅस्टिक आणि कार्बन ब्लॅक यांच्या मिश्रणातून तर स्वतःहून पूर्ववत होणारा फ्यूज बनतो. प्रवाह जास्त झाला की मिश्रण तापतं, पॉलिइथिलीनचे स्फटिक वितळून ते फुगतं, कार्बनचे कण दूर सरतात, साखळ्या तुटतात आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. वीज बंद करून थंड होऊ दिलं, की प्लॅस्टिक आकसतं आणि वाटा पुन्हा जुळतात.