हार खोटा, दागिने खरे: मोपासाँच्या दोन कथांची गल्लत

‘मोपासाँची ती दागिन्यांची गोष्ट’ असं कुणी म्हणालं, की पुढे कोणती गोष्ट ऐकायला मिळेल याचा नेम नसतो. एकजण सांगतो, मैत्रिणीकडून मागून आणलेला हार हरवतो, नवरा-बायको दहा वर्षं कर्ज फेडतात आणि शेवटी कळतं की हार खोटाच होता. दुसरा सांगतो, बायको गेल्यावर नवरा तिचे खोटे दागिने विकायला काढतो आणि सराफ म्हणतो, हे तर खरे आहेत. दोघंही बरोबर असतात. गी द मोपासाँ या फ्रेंच कथाकारानं या दोन वेगळ्या कथा लिहिल्या, त्याही वर्षभराच्या आत. ‘ले बिझू’, म्हणजे दागिने, मार्च 1883 मधली. ‘ला पार्यूर’, म्हणजे हार, फेब्रुवारी 1884 मधली. इंग्रजीतून ‘द नेकलेस’ म्हणून शाळेपर्यंत पोचली ती दुसरी.

गल्लत होते त्याला कारणही तसंच आहे. दोन्हीकडे पॅरिस, दोन्हीकडे मंत्रालयातला कारकून, त्याची देखणी बायको आणि एक डबी. दोन्ही घरं एकाच रस्त्यावरची, र्‍यू दे मार्तीर. मोपासाँला ही माणसं कल्पनेतून आणावी लागली नव्हती. 1872 पासून काही वर्षं तो नौदल मंत्रालयात आणि नंतर शिक्षण मंत्रालयात खर्डेघाशी करत होता. ‘ला पार्यूर’मधला ल्वाझेल शिक्षण मंत्रालयातच नोकरीला आहे.

त्याची बायको मातिल्द हिची खंत उघडी आहे. ती पहिल्या परिच्छेदापासून आपल्याला दिसते. नवरा साध्या रश्शावर खूश होऊन ‘वा!’ म्हणतो आणि तिच्या डोळ्यांपुढे चांदीची भांडी चमकत असतात. मंत्र्याच्या घरच्या मेजवानीचं निमंत्रण येतं, तेव्हा तिला रडू कोसळतं, कारण अंगावर घालायला काही नाही. नवरा बंदुकीसाठी साठवलेले 400 फ्रँक तिला झग्यासाठी देतो. दागिना मादाम फोरेस्तिए या श्रीमंत मैत्रिणीकडून मागून आणला जातो. मेजवानीत ती सगळ्यांच्या नजरेत भरते. पहाटे चारला निघताना नवरा तिच्या खांद्यांवर रोजचे साधे कपडे टाकतो आणि फर पांघरणाऱ्या बायकांनी ते पाहू नयेत म्हणून ती घाईनं जिना उतरते. घरी आरशासमोर उभी राहते, तर गळा मोकळा.

आता आकडे बघा. तसाच दिसणारा हार 36,000 फ्रँकला मिळतो. वडिलांकडून आलेले 18,000 ल्वाझेलकडे आहेत, बाकीचे तो मिळेल तिथून उचलतो, सावकारांकडूनसुद्धा. कारकुनाचा पगार किती, हे या कथेत येत नाही, पण ‘ले बिझू’ ते सांगते. तिथला लांतँ वरच्या श्रेणीचा कारकून आहे आणि त्याला वर्षाला 3,500 फ्रँक मिळतात. म्हणजे तो हार त्याच्यासारख्या माणसाच्या दहा वर्षांच्या सगळ्या पगाराएवढा. आणि शेवटी कळते ती हरवलेल्या खोट्या हाराची किंमत: जास्तीत जास्त 500 फ्रँक. झग्यापेक्षा शंभरानं जास्त, एवढंच.

लांतँच्या घरी असंतोषाचा मागमूस नाही. बायको समाधानी, प्रेमळ, टुकीनं संसार करणारी. तेवढ्याच पगारात जेवण उत्तम आणि वाइनही चांगली. नवऱ्याला तिच्या दोनच गोष्टी खटकतात, नाटकाचं वेड आणि खोट्या दागिन्यांची हौस. ऐपत नसेल तर बाईनं आपल्या रूपावरच शोभावं, असं तो तिला समजावतो. ती हसते, म्हणते, काय करू, माझं व्यसनच आहे ते. संध्याकाळी ती डबी उघडून बसते आणि ते खडे अशा ओढीनं न्याहाळते की वाचताना पुढे ते सगळं आठवत राहतं. एका हिवाळी रात्री ती ऑपेराहून कुडकुडत येते आणि आठवड्यात जाते. कथेत तिला ‘मादाम लांतँ’पलीकडे नाव मिळत नाही.

मग त्याच पगारात एकट्याचं भागेना, तेव्हा लांतँ एक हार विकायला काढतो. सहा-आठ फ्रँक येतील असा त्याचा अंदाज असतो. सराफ 18,000 द्यायला तयार होतो. तो हार त्यानंच विकलेला असतो. त्याच्या वह्यांत तारीख आहे, पत्ता आहे, मादाम लांतँचं नाव आहे. दागिने कुणी दिले, कशासाठी दिले, हे मोपासाँ एका शब्दानं सांगत नाही. लांतँ रस्त्यातच बेशुद्ध पडतो. त्याला सांगायची गरज उरलेली नसते.

मला वाटतं, या कथा शेजारी ठेवून वाचल्यावरच खरं काय ते उमगतं. दागिना खरा की खोटा हे दोन्हीकडे कुणी दागिन्याकडे बघून ठरवत नाही, तो कुणाच्या अंगावर आहे यावरून ठरवतात. मादाम फोरेस्तिए श्रीमंत, म्हणून तिच्या डबीतलं काही खोटं असेल ही शंकासुद्धा मातिल्दच्या मनाला शिवत नाही. आणि कारकुनाच्या बायकोच्या गळ्यात हिरा असू शकतो, हे कारकुनाला पटत नाही. एकीकडे वर्गाची श्रद्धा खोट्याला खरं करते, दुसरीकडे खऱ्याला खोटं.

म्हणूनच ‘ला पार्यूर’ शिकवताना पुढे केलं जाणारं अंथरूण पाहून पाय पसरण्याचं तात्पर्य मला नेहमी तोकडं वाटत आलं. हौसेची शिक्षा म्हणून दहा वर्षं, असा हिशेब असता, तर मादाम लांतँची हौस कितीतरी मोठी होती, आणि तिच्या वाट्याला शिक्षा म्हणून काही येत नाही. मातिल्दला बुडवते ती हौसेपेक्षा अब्रूची भीती. हार हरवल्याचं मैत्रिणीला सरळ सांगितलं असतं, तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं. त्याऐवजी फासा तुटलाय, दुरुस्तीला टाकलाय असं पत्र जातं. चार माणसांत मान खाली जाईल म्हणून गप्प राहणं आणि मग आयुष्यभर त्याची किंमत मोजणं आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांना परकं नाही. मागून नेलेल्या दागिन्याला काही झालं तर, या धास्तीनं लग्नघरात अंगावरची वस्तू पुन्हापुन्हा चाचपणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

पुढची दहा वर्षं मातिल्द मोलकरीण काढून टाकते, माळ्यावरची खोली घेते, भांडी घासते, प्रत्येक मजल्यावर दम खात पाणी वर नेते, बाजारात एकेका सूसाठी, म्हणजे फुटकळ नाण्यासाठी, घासाघीस करते. नवरा रात्री पानाला पाच सू दरानं नकला उतरवतो. हे वर्णन मोजकंच आहे आणि मला कथेच्या शेवटापेक्षा तेच जास्त लागतं. स्वप्न बघणारी बाई इथे कणखर होते. शाँझेलिझे या पॅरिसच्या प्रसिद्ध रस्त्यावर मैत्रीण भेटते तेव्हा तिला सगळं सांगताना तिच्या हसण्यात अभिमान असतो. पुढच्याच वाक्यात त्या अभिमानाखालची जमीन सरकते.

लांतँचं उलट होतं. बायको होती तोवर तो समाधानी होता. पैसा हातात येताच भारी हॉटेलात जेवतो, राजीनामा देतो, वरिष्ठाला तीन लाखांचा वारसा मिळाल्याचं सांगतो, रात्रीपर्यंत एका अनोळखी माणसाजवळ त्याचे चार लाख झालेले असतात. सहा महिन्यांनी तो पुन्हा लग्न करतो. ही बायको सचोटीची आहे, पण स्वभावानं कठीण, आणि ती त्याला फार त्रास देते. कथा तिथे संपते.

वाचणार असाल, तर आधी ‘ले बिझू’ वाचा. सराफाच्या वहीला किती बोलता येतं ते एकदा पाहिलं, की ‘ला पार्यूर’मधली एक जागा नजरेतून सुटत नाही. हार शोधताना ल्वाझेल पती-पत्नी रिकामी डबी घेऊन, तिच्यावर ज्याचं नाव आहे त्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या चाळतो आणि म्हणतो, हा हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असेन.