लाल चेहरा आणि पित्ताची गोळी

शिमग्याच्या सुमारास सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या दारूचा, मोसम लागतो आणि गावी आलेल्या चाकरमान्यांच्या बैठका जमतात. दोन घोटांत ज्याचे कान-गाल लालबुंद होतात, त्याला कुणीतरी जाणता आम्लपित्तावरच्या गोळीचा सल्ला देतो, "आदी एक रॅनटॅक घे, काय होवचा नाय." सल्ल्यात थोडं तथ्य आहे. खरी अडचण तीच आहे.

शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हे विषारी रसायन एएलडीएच-2 नावाचं एन्झाइम पुढे निरुपद्रवी करतं. ते दुबळं असेल तर ॲसिटाल्डिहाइड साचतं, ॲलर्जीत सुटणारं हिस्टामाइन हे रसायन सुटतं, चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या फुलतात. जपानी, तैवानी आणि कोरियन लोकांत हा प्रकार गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, हे पीटर वुल्फ यांनी 1972 साली मांडलं. पुढच्या दशकात त्यामागचा जनुकीय बदलही सापडला. पूर्व आशियात साधारण तिघांतल्या एकाला हा त्रास होतो. आपल्याकडे हा बदल विरळाच.

गोळीचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. ॲलर्जीवरच्या जुन्या हिस्टामाइनविरोधी औषधांनी पोटातलं आम्ल कमी होत नव्हतं. म्हणजे जठरात हिस्टामाइनला दुसरा एखादा दरवाजा असणार, असं धरून जेम्स ब्लॅक यांनी 1964 पासून शोध घेतला. त्यातून 1976 साली सिमेटिडीन ब्रिटनमध्ये बाजारात आलं, 1981 मध्ये रॅनिटिडीन (म्हणजेच आपलं रॅनटॅक), मग फॅमोटिडीन. ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळालं. हा दुसरा दरवाजा, म्हणजे एच-2, त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवरही असतो. त्यामुळे या गोळ्यांनी लाली खरोखरच उतरते. जेलुसिल, इनो किंवा ओमेझने ती उतरत नाही, कारण त्यांचा हिस्टामाइनच्या त्या दरवाजाशी संबंधच नाही. दुकानात मात्र ही सगळी मंडळी 'पित्तावरची' म्हणून एकाच फळीवर असतात.

आपल्याकडे गैरसमजाला आणखी एक आधार मिळाला. अंगावर पित्त उठलं की कोकणात आमसुलाचं पाणी लावायची रीत जुनी आहे, आणि त्याच पित्तावर डॉक्टर अविलच्या जोडीला रॅनटॅकही देत आले. मग लाल चेहऱ्यालाही पित्तच धरलं, तर लोकांना दोष कसा द्यायचा?

गोळीने लाली जाते, ॲसिटाल्डिहाइड तिथेच राहतं. दारूतून तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2009 साली माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलं. लाल होणारा माणूस तरीही पीत राहिला, तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. एरवी चेहरा तापला की हात आपोआप आखडतो. गोळीने तो आवर सुटतो आणि पेले वाढतात. शिवाय सिमेटिडीन आणि रॅनिटिडीन जठरातच दारू मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात, म्हणून तेवढ्याच पेगात रक्तातली दारू थोडी जास्त चढू शकते. किती जास्त, यावर 1990 च्या दशकात डॉक्टरांत बराच वाद झाला. बैठकीनंतर अंधारात घाटातून दुचाकी हाकणाऱ्याने त्या वादाच्या भरवशावर राहू नये, असं मला वाटतं.

रॅनिटिडीनचं आणखी एक प्रकरण आहे. त्यात एनडीएमए ही कर्करोगाचा संशय असलेली अशुद्धी आढळल्यावर अमेरिकेत 2020 साली ते बाजारातून काढायला लावलं, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते 2022 साली गेलं.

कोकणात मला जास्त काळजी वाटते ती लालीच्या दुसऱ्या कारणांची. बर्फाविना उन्हात राहिलेल्या बांगड्यात किंवा कुप्यात जिवाणूंमुळे हिस्टामाइन तयार होतं आणि तळून, शिजवून ते जात नाही. चखण्याला असा मासा असेल, तर लाल चेहरा, धडधड, डोकेदुखी सगळं येतं आणि खापर दारूवर फुटतं. दुसरं कारण डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी. रबराच्या कारखान्यातल्या कामगारांना दारू सोसत नाही, हे अमेरिकेत 1937 साली लक्षात आलं होतं. तिथल्या रसायनांच्याच कुळातलं डायसल्फिराम 1948 साली कोपनहेगनच्या हाल्ड आणि जेकबसन यांनी दारू सोडवायला वापरलं. ते नेमकं एएलडीएचलाच अडवतं. घरच्यांनी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जेवणात ही गोळी गुपचूप घातली आणि तो पिऊन आला, तर रक्तदाब धोकादायक खाली येऊ शकतो. तिथे रॅनटॅकने चेहरा जरा निवळला तरी आतला प्रकार थांबत नाही. श्वास लागला, चक्कर आली, उलट्या थांबेनात, तर 108 ला फोन करावा आणि दारू, मासे, गोळ्या, सगळं डॉक्टरांना सांगावं. डायसल्फिराम लपवून दिलं असेल तर घरच्यांनी तेही, लाज न धरता.